आधी प्राणी मोजा, मग लाकूड कापा



यंदा वार्षिक परीक्षा आटोपल्या आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या इमारतीतील दोन भावंडे माझ्या दाराशी येऊन उभी राहिली. ताई नववीत, धाकटा पाचवीत. त्यांच्या घरी नवे फर्निचर आले होते आणि आजोबांच्या वेळचे सागवानी कपाट भंगारवाल्याची वाट पाहत जिन्याखाली उभे होते.

"काका, या कपाटाचा आम्हाला गिनीपिगांसाठी पिंजरा करायचा आहे. तुमची करवत द्याल का?" ताईने विचारले.

"देईन की! पण आधी सांगा, गिनीपिग केवढा असतो?"

धाकट्याने दोन्ही हात वीतभर अंतरावर धरून दाखवले. "तो दिवसभरात किती हिंडतो? उन्हाळ्यात त्याला काय होते? त्याला घाम येतो का?" या प्रश्नांवर दोघेही गप्प झाली. कपाटाची मापे मात्र त्यांना तोंडपाठ होती. उंची ६ फूट, रुंदी ३ फूट आणि खोली दीड फूट.

पुष्कळांचे येथेच चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकाऊतून टिकाऊ करण्याची हौस चांगलीच. पण टाकाऊ लाकडातून पुस्तकांची मांडणी करणे वेगळे आणि सजीवाचे घर करणे वेगळे. मांडणी जरा तोकडी झाली तर पुस्तके तक्रार करीत नाहीत. प्राण्यालाही तक्रार करता येत नाही. तो फक्त आजारी पडतो. म्हणून अशा कामात पहिले माप प्राण्याचे घ्यावे, लाकडाचे नव्हे. आणि प्राण्याच्या मापात आपले लाकूड किंवा आपले घर बसत नसेल, तर प्राणी आणण्याचा विचार सोडून द्यावा.

हे मी उपदेश करायचा म्हणून सांगत नाही. माझ्या हातून एक चूक घडली आहे, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे.

सोलापूरचा ससा

१९७८ साली मी सातवीत होतो. आमचे घर सोलापुरात होते, वर पत्र्याचे छप्पर. स्वयंपाकघरात दुधातुपासाठी एक जाळीचे कपाट असे. घरात फ्रिज आला तसे ते अडगळीत गेले. त्याच सुमारास मला एक पांढरा ससा मिळाला. जाळीचे कपाट त्याचे घर झाले.

मी हुशार विद्यार्थी समजला जात असे. ससा बिळात राहतो, त्याला काळोख आवडतो, एवढे मी कुठेतरी वाचले होते. म्हणून मी कपाटाच्या तीन बाजूंच्या जाळ्यांवर फळ्या ठोकल्या. आत बिळासारखा छान अंधार झाला. मला माझ्या कल्पनेचे फार कौतुक वाटले.

मे महिन्यात एका लग्नासाठी आम्ही सकाळी बाहेर पडलो आणि दिवेलागणीला परतलो. ससा आडवा पडला होता. कान पसरलेले, हनुवटीखालचे केस ओले. वाटीत पाणी होते, गवतही होते. त्याला भूक किंवा तहान यांनी मारले नव्हते. त्याला मारले होते उष्णतेने, आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट मी माझ्या हातांनी बंद केली होती.

वडील मला रागावले नाहीत. त्यांनी फक्त त्या फळ्या उपटून काढल्या आणि बाजूला ठेवल्या. ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागले.

माझ्या अर्धवट ज्ञानात काय उणे होते? ससा बिळात राहतो हे खरे. पण बीळ जमिनीत खोल असते. जमिनीच्या पृष्ठभागावर ऊन कितीही तापले तरी खालची माती पुष्कळ थंड राहते. सशाला बिळातून अंधाराबरोबर गारवाही मिळतो. मी अंधाराची नक्कल केली आणि गारवा विसरलो. पत्र्याखालचे बंद लाकडी खोके हे बीळ नव्हे, ती भट्टी होय!

येथे जाता जाता एक खुलासा करतो. आपण रानात पाहतो तो ससा आणि पाळीव ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. आपला रानससा बिळात राहत नाही. तो गवतात, झुडपाच्या आडोशाला उघड्यावर बसतो. पाळीव ससा हा युरोपातील बिळे करणाऱ्या जातीचा वंशज. रानससा पकडणे किंवा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. आपला हिरवा पोपट, मुनिया आणि चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव यांनाही हाच कायदा लागू आहे. त्यांच्यासाठी घर बांधायचे असेल तर झाडे लावा.

उभे कपाट आणि आडवे कपाट

आता आपल्या गिनीपिगाकडे वळू. नावात पिग असले तरी हे डुक्कर नव्हे. उंदीर, खार यांच्याप्रमाणे तो कुरतडणारा प्राणी आहे. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात लोक त्याला हजारो वर्षांपासून पाळीत आले आहेत. तो कळपात राहणारा आहे, म्हणून एकटा ठेवू नये. दोन माद्या ठेवाव्यात. नर-मादी एकत्र ठेवलीत तर थोड्याच महिन्यांत पिलांसाठी दुसरे कपाट शोधावे लागेल. मादी अवघ्या महिनाभराची असतानाही गाभण राहू शकते. खरेदीच्या वेळी दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. पशुवैद्याकडून नर-मादीची खात्री करून घ्या.

दोन गिनीपिगांना किमान साडेसात चौरस फूट सलग जमीन असावी, असे जाणकार सांगतात. जास्त असेल तर उत्तमच. या आकड्याजवळ आता आपले कपाट आणून ठेवा.

कपाट उभे असताना त्याच्या तळाचे क्षेत्रफळ किती? ३ गुणिले दीड, म्हणजे साडेचार चौरस फूट. हे अपुरे आहे. "पण काका, त्यात चार फळ्या आहेत. चार मजले होतील!" धाकटा म्हणाला. चार मजले माणसांना चालतात, कारण आपण जिने चढतो. गिनीपिग हा जमिनीवर धावणारा, आखूड पायांचा प्राणी आहे. त्याला चढण्याउतरण्याची हौस नाही, आणि उंचावरून पडला तर त्याचे हाड मोडते. साडेचार फुटांचे चार तुकडे म्हणजे अठरा फुटांची धाव नव्हे.

आता तेच कपाट पाठीवर आडवे करा. पाठीची फळी झाली तळ: ६ गुणिले ३, म्हणजे १८ चौरस फूट! दीड फुटाची खोली झाली भिंतींची उंची. कपाटाचे घनफळ दोन्ही वेळा २७ घनफूटच आहे. लाकूड तेच, खिळे तेच; पण जमीन चौपट झाली. एवढी जागा घरात अडवता येत नसेल तर कपाटाची लांबी चार फुटांपर्यंत कापा. तरीही १२ चौरस फूट उरतात.

हेच गणित सशासाठी करून पाहा. दोन सशांसाठी सुमारे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा असावी, अशी शिफारस केली जाते. हे झाले ६ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ६५ चौरस फूट. सशाला उड्या मारायच्या असतात आणि मागच्या पायांवर ताठ उभे राहून चहूकडे पाहायचे असते. आपले कपाट त्याला निजण्यापुरते ठीक आहे, राहण्यासाठी नाही. माझे जाळीचे कपाट तर तेवढ्याही लायकीचे नव्हते.

दुकानांतून मिळणारे रंगीत पिंजरे पाहा. त्यांतील कित्येक जेमतेम दोन फूट लांब आणि एक फूट रुंद असतात. घरातल्या फरशीवर खडूने तेवढी चौकट आखा आणि तिच्यात एक तास बसून दाखवा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० सालीच झाला. ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला वाजवी हालचाल करू देत नाही, अशा पिंजऱ्यात त्याला ठेवणे हे त्या कायद्याच्या ११ व्या कलमानुसार अपराध आहे. म्हणजे मोजपट्टी हातात घेणे ही केवळ हौशी कारागिराची शिस्त नाही, ते आपले कर्तव्य आहे.

पंखा लावला की झाले?

गिनीपिगाला साधारण १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. २८ अंशांच्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका संभवतो. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत घरातसुद्धा पारा याच्या वर असतो, हे तुम्हाला सांगायला नकोच.

यावर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: "पंखा लावू." पण पंखा हवा थंड करीत नाही. तो आपल्याला गार वाटतो, कारण आपल्या त्वचेवर घाम असतो. वारा लागला की घामाचे बाष्पीभवन वाढते, आणि बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता आपल्या शरीरातून काढून घेतली जाते. गिनीपिगाला आणि सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. ससा आपल्या लांब कानांतून रक्त खेळवून उष्णता बाहेर टाकतो. परंतु सभोवतालची हवाच शरीराइतकी तापली तर कान तरी काय करणार? गिनीपिगाला तर तसे कानही नाहीत. मग पंखा फिरत राहतो, आपले समाधान होते आणि प्राणी तापत राहतो.

मग करावे काय? एक, घर नेहमी सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवावे. गच्चीवर नाही, पत्र्याखाली नाही, पश्चिमेच्या गॅलरीत नाही. दोन, कपाटाला काच असेल तर ती काढावी. काचेतून ऊन आत येते, पण उष्णता सहजी बाहेर पडत नाही. तीन, आत एक जाड शहाबादी फरशी ठेवावी. सावलीतली फरशी दुपारीही गार लागते; प्राणी तिच्यावर पोट टेकून बसतो आणि त्याची उष्णता फरशीत जाते. चार, जाळीच्या बाहेर ओले पोते किंवा वाळ्याचा पडदा टांगावा. कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होते, त्यामुळे नागपूर-अकोल्याकडे हा उपाय चांगला गुण देतो. कोकणातील दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही.

परंतु मित्रांनो, बाहेर ४४ अंश असताना ओले पोते घरातली हवा २४ अंशांवर आणू शकत नाही. विदर्भात किंवा मराठवाड्यात राहणाऱ्या ज्या वाचकांच्या घरी उन्हाळ्यात एकही खरोखर थंड खोली नसते, त्यांना मी स्पष्ट सांगतो: गिनीपिग पाळू नका. यात कमीपणा काहीच नाही. अँडीजच्या थंड डोंगरांतून आलेल्या प्राण्याला आपल्या उन्हाळ्यात ओढून आणणे, हे प्रेम नव्हे.

जुन्या लाकडाचा इतिहास विचारा

नव्या लाकडाला इतिहास नसतो, जुन्याला असतो. गिनीपिगाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी तो समोर येईल ते कुरतडतो. म्हणजे जे घर तुम्ही त्याला द्याल, त्यातले थोडे त्याच्या पोटात जाणार. तेव्हा घरातील मोठ्या माणसांना तीन प्रश्न विचारा.

पहिला, कपाटाला रंग कधी दिला होता? पूर्वीच्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. घरगुती रंगांत शिसे दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, हा आपल्याकडील नियम २०१६ साली निघाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या लाकडावर विश्वास टाकू नका. आणि तो रंग पॉलिश कागदाने घासून काढण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. ती धूळ तुमच्याच फुप्फुसांत जाईल. असे कपाट या कामातून बाद समजा.

दुसरा, वाळवीचे औषध मारले होते का? मारले असेल तर तेही बाद.

तिसरा, आत डांबराच्या गोळ्या ठेवीत होता का? बहुतेक घरांत उत्तर "हो" असेच येईल. या पांढऱ्या गोळ्या नॅफ्थॅलीनच्या असतात. त्या वितळल्याशिवायच वायुरूप होतात, ही संप्लवनाची क्रिया तुम्ही शाळेत शिकला आहात. ती वाफ लाकडात मुरते. कपाट साबणाच्या पाण्याने धुऊन, दारे सताड उघडी ठेवून, काही दिवस उन्हात ठेवा. नंतर दारे रात्रभर बंद करून सकाळी उघडा. गोळ्यांचा थोडाही वास आला, तर पुन्हा उन्हात. वास जातच नसेल, तर त्या कपाटाचा नाद सोडा.

आमच्या भावंडांचे कपाट सागवानी, बिनरंगाचे होते आणि वाळवीचे औषध त्याने कधी पाहिले नव्हते. गोळ्यांचा वास मात्र होता. तो जायला नऊ दिवस लागले.

घर तयार करताना

करवत, गिरमिट आणि पटाशी ही हत्यारे चालवताना घरचे एखादे मोठे माणूस जवळ असलेच पाहिजे. जुने गंजलेले खिळे आधी उपटा आणि डब्यात मोजून ठेवा. गंजका खिळा पायात गेला तर डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताच्या लशीची चौकशी करा. "काही होत नाही" म्हणू नका.

कपाटाची पाठ बहुधा पातळ प्लायवुडची असते. कपाट आडवे केल्यावर हीच पाठ जमीन होणार, म्हणून आतल्या सुट्या फळ्या तिच्याखाली आडव्या ठोकून तिला आधार द्या आणि सगळे घर विटांवर चार बोटे उचलून ठेवा. खालून हवा खेळेल, ओल धरणार नाही.

कपाटाची दारे आता झाकणे झाली. त्यांच्या मधल्या फळ्या काढा, चौकटी ठेवा आणि त्यांवर अर्ध्या इंचाची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी स्क्रूने बसवा. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षट्कोनी जाळी नको; ती कोंबडी आत ठेवते, पण घुशीला आणि मुंगसाला बाहेर ठेवील याची खात्री नाही. एका लांब बाजूलाही जाळीची खिडकी करा. जाळीची टोके आत राहू देऊ नका. कडी-कोयंडा मांजराच्या पंजाने निघणार नाही असा हवा. जमिनीवर मात्र जाळी कधीही घालू नये. तिच्यावर सतत उभे राहून प्राण्यांच्या तळव्यांना जखमा होतात.

कपाटाचे खण फेकू नका. खण उपडा केला की लपण्याची उत्तम जागा होते. त्याला चार-पाच इंचांची दोन दारे कापा, एक या बाजूला, एक त्या बाजूला. एकच दार ठेवले तर दांडगी मादी दारात बसते आणि गरीब मादी आत कोंडली जाते. प्राणी दोन म्हणून खणही दोन.

जमिनीवर वर्तमानपत्रांचा जाड थर, त्यावर जुनी सुती चादर आणि त्यावर वाळलेले गवत पसरा. सुताराकडचा भुसा आणू नका. त्याची बारीक धूळ नाकात जाते आणि तो कोणत्या लाकडाचा, कोणत्या पॉलिशचा, हे कुणालाच ठाऊक नसते. गवत मात्र भरपूर हवे. ते अंथरूण आहे, अन्न आहे आणि दात झिजवण्याचे साधनही आहे.

अन्नाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. गिनीपिगाला आपल्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. आपल्यालाही येत नाही! याच साम्यामुळे १९०७ साली नॉर्वेमधील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक या शास्त्रज्ञांना एक मोठा शोध लागला. ते अभ्यास करीत होते दुसऱ्याच रोगाचा. पण केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगांना स्कर्व्ही झाली आणि ताजा भाजीपाला दिल्यावर ती टळली. खलाशांचा हा रोग प्रयोगशाळेत अभ्यासण्याची वाट त्यामुळे खुली झाली. आपल्यापैकी कुणाच्याही हिरड्यांतून आज स्कर्व्हीमुळे रक्त येत नसेल, तर त्याचे थोडे श्रेय या प्राण्याला आहे. तेव्हा त्याला रोज ढोबळी मिरचीचा तुकडा आणि कोथिंबिरीच्या काड्या देताना हात आखडू नका.

नाक जमिनीला लावा

घर स्वच्छ आहे की नाही, हे उभे राहून ठरवता येत नाही. मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. तो नाकाला, डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबतो. तुमचे नाक जमिनीपासून चार फुटांवर, गिनीपिगाचे दोन बोटांवर! म्हणून रोज एकदा वाकून आपले नाक त्याच्या नाकाच्या उंचीवर न्या. आपले नाक सवयीने वासाला सरावते, म्हणून आठवड्यातून एकदा घराबाहेरच्या माणसालाही वास घ्यायला सांगा.

जिथे मूत्र वाळते तिथे पांढरे डाग पडतात. ते बरेचसे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. त्यांवर व्हिनेगर ओता. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. अंड्याच्या कवचावर हाच प्रयोग तुम्ही केला असेल. डाग सुटला की पाण्याने पुसून घ्या. आधी शहाबादी फरशी मात्र बाजूला काढा. तीही चुनखडीचीच असल्यामुळे व्हिनेगर तिलाही खाते.

रिकाम्या घराची परीक्षा

आता माझी मुख्य सूचना. घर तयार झाले की लगेच प्राणी आणायला धावू नका. घर दोन आठवडे रिकामे ठेवा, पण आत प्राणी आहेत असे समजून वागा. रोज सकाळी गवत बदला. पाणी बदला. कागद बदला. भाजी आणा. शाळेच्या सहलीच्या दिवशीही, ताप आला त्या दिवशीही. आणि आत खोलीचे साधे तापमापक ठेवून सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ वाजता नोंद करा. ताप मोजण्याचा डॉक्टरी तापमापक यासाठी चालत नाही.

काही वाचक म्हणतील, "एवढे कशाला? आमच्या शेजारी खोक्यात ससे ठेवतात, जगतात की!" जगतात, हे खरे. किती दिवस जगतात, हे कुणी लिहून ठेवत नाही, एवढेच. दुसरे काही म्हणतील की प्राणी पाळूच नयेत, सगळे पिंजरे वाईट. या मताचा मी आदर करतो. पण मला वाटते, एका प्राण्याची नीट देखभाल करणारे मूल पुढे सगळ्याच प्राण्यांकडे निराळ्या नजरेने पाहते. मात्र "नीट" या शब्दाला अर्थ हवा, आणि तो वहीतल्या आकड्यांनी सिद्ध व्हायला हवा. गिनीपिग पाच ते सात वर्षे जगतो. आज सातवीत असाल तर तुमची बारावीची परीक्षा त्याच्या सोबतीनेच होईल. अशा पाहुण्याला बोलावण्याआधी चौदा दिवस थांबणे ही फार मोठी किंमत नाही.

आमच्या भावंडांनी परीक्षा दिली. धाकट्याने चौदापैकी तेरा दिवस कागद बदलले. एक दिवस क्रिकेटच्या सामन्यापायी चुकला. त्याने वहीत तसे प्रामाणिकपणे लिहिले. ताईच्या नोंदींत दुपारी दोनला गॅलरीत ३८ अंश, आतल्या खोलीत ३२ आणि ओले पोते लावल्यावर ३० अंश दिसत होते.

"मग जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर आणावेत," धाकटा म्हणाला.

ताई वही मिटता मिटता थांबली. "पण काका, पुढच्या एप्रिलचे काय?" तिने विचारले.

सातवीत असताना मला हा प्रश्न पडला असता, तर तो ससा आणखी काही वर्षे जगला असता. तिच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप त्या घरात ठरलेले नाही. उन्हाळ्यात एक खोली थंड ठेवता येईल का, याची चर्चा वडीलधाऱ्यांत चालू आहे. कपाट आडवे पडून आहे, दोन्ही खण उपडे, आत फक्त तापमापक. मी रोज जिना चढताना पाहतो, तर त्याच्याशेजारी वही आणि तिला दोरीने बांधलेली पेन्सिल असते.

तुमच्यापैकी कुणी असे घर केले, तर त्याच्या रिकामेपणी घेतलेल्या चौदा दिवसांच्या नोंदी मासिकाकडे अवश्य पाठवा. आणि नोंदी पाहून तुम्ही प्राणी न आणण्याचे ठरवले असेल, तर ते पत्र आधी पाठवा.